किड्यांच्या डोळ्यांवरून बेतलेले दृष्टी-संवेदक: नेमके काय उचलायचे?

भोसरीकर

नमस्कार मंडळी.

भोसरीत आमचा तपासणी-यंत्रे बनवण्याचा छोटा कारखाना आहे. प्रेसमधून निघालेले वॉशर, क्लिपा, लहान ब्रॅकेट असे सुटे भाग घसरणीवरून खाली येतात आणि त्यांची मोजणी व वरवरची तपासणी कॅमेऱ्याने करून द्यावी, अशी गिऱ्हाइकांची मागणी असते. भागाचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर १ मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तो ३ मिलिमीटर पुढे सरकतो आणि वॉशरचे भोकच दिसेनासे होते. फ्रेम वाढवाव्यात तर त्या चाळायला मोठा संगणक लागतो, आणि संगणक मोठा झाला की गिऱ्हाईक किमतीवरून मागे फिरते.

कीटकांच्या डोळ्यांवरून बेतलेल्या कृत्रिम दृष्टी-उपकरणांविषयी गेल्या काही महिन्यांत बरेच वाचले आणि त्यातून गोंधळच वाढला. कोणी अर्धगोलावर शेकडो भिंगे बसवतो, कोणी फक्त बदल टिपणारी सपाट चिप दाखवतो, तर कोणी काही अणूंच्या जाडीच्या पदार्थाचा एकच ट्रान्झिस्टर दाखवून त्याला टोळाची दृष्टी म्हणतो. तिन्हींवर लेबल एकच आहे. आमच्यासारख्याने यातले काय उचलायचे आणि काय प्रयोगशाळेत राहू द्यायचे, हे इथल्या जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

टेकडीवरचा चतुर

मी इलेक्ट्रॉनिक्समधला नाही. वेताळ टेकडीवर कीटकांची छायाचित्रे काढतो. त्यामुळे मूळ डोळ्यापासून सुरुवात करतो.

कीटकाचा संयुक्त डोळा अनेक बारीक एककांचा असतो. प्रत्येक एककाला, म्हणजे नेत्रिकेला, स्वतःचे भिंग आणि त्याखाली प्रकाशग्राही पेशी असतात. फळमाशीच्या एका डोळ्यात अशा साधारण ७५० ते ८०० नेत्रिका, कामकरी मधमाशीच्या डोळ्यात साधारण ५,५००, आणि मोठ्या चतुराच्या डोळ्यात त्या ३०,०००पर्यंत जातात. प्रत्येक नेत्रिकेत पूर्ण चित्र उमटते आणि माशीला एकाच माणसाच्या हजार प्रतिमा दिसतात, ही समजूत चित्रपटांनी पसरवली आहे. सामान्यतः एक नेत्रिका एका दिशेचा उजेड-अंधार तेवढा मोजते.

प्रार्थनाकीटकाकडे जवळून पाहिल्यास हे कळते. त्याच्या हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि आपण डावी-उजवीकडे सरकलो, की तो ठिपकाही आपल्याकडे वळल्यासारखा सरकतो. ते बुबुळ नव्हे. त्या क्षणी नेमक्या आपल्याच दिशेला रोखलेल्या नेत्रिका आपल्याकडून आलेला उजेड शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. हा ठिपका डोळ्याच्या समोरच्या भागात मोठा आणि कडेला लहान होतो, म्हणजे समोरच्या दिशेला जास्त नेत्रिका राखलेल्या आहेत, हे कॅमेऱ्याच्या साध्या मॅक्रो भिंगातूनही टिपता येते.

पावसाळा ओसरताना टेकडीवर जे पिवळसर चतुर थव्याने घिरट्या घालतात, त्यांचे भक्ष्य बहुतेक वेळा वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर असते. चतुरांच्या डोळ्याच्या वरच्या भागातली भिंगे खालच्यापेक्षा मोठी असतात, ती यासाठीच. नर मधमाशीचेही तसेच आहे. हवेत उडती राणी शोधण्यासाठी नराच्या डोळ्याचा वरचा भाग खास घडलेला असतो, तर त्याच पोळ्यातल्या कामकरी माशीचा डोळा वेगळा असतो. तेव्हा ‘कीटकाची दृष्टी’ असा एकच माल बाजारात नाही. आधी काम सांगा, मग कीटक सुचवता येईल.

भोसरीकर

काम दोन प्रकारचे आहे: किती भाग पडले हे मोजणे, आणि भोक नसलेला किंवा वाकलेला भाग बाजूला काढणे.

शंकासुर

दुसऱ्या कामासाठी कीटकांच्या वाटेला जाऊच नका.

संयुक्त डोळ्याची भिंगे अतिशय लहान असतात, काही दशक मायक्रोमीटरांची, आणि भिंग जितके लहान तितके प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे फाकणे, जास्त. त्यामुळे मधमाशीला साधारण १ अंशाच्या आसपासचा तपशील कळतो, तर माणसाला अंशाच्या साठाव्या भागाचा. मॅलक यांनी १८९४ मध्येच हिशेब मांडला होता, की माणसाइतके बारीक पाहणारा संयुक्त डोळा करायचा तर तो काही मीटरांचा लागेल. पुढे किर्शफेल्ड यांनी माणसाच्या नजरेची कडेला कमी होत जाणारी तीक्ष्णता हिशेबात घेतली, तरीही असा डोळा डोक्यावर मावणार नाही, हेच निघाले. वॉशरच्या भोकाची कड तपासायला असल्या भिंगरचनेचा काडीचा उपयोग नाही.

अर्धगोलाकार कॅमेरे मी नाकारत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन रॉजर्स यांच्या गटाने १८० कृत्रिम नेत्रिकांचा, १६० अंश पाहणारा कॅमेरा ‘नेचर’मध्ये मांडला. त्यात भिंगे आणि प्रकाशसंवेदक आधी सपाट तयार करून, मग ताणल्या जाणाऱ्या पटलासकट फुगवून अर्धगोल केले होते. त्याच वर्षी युरोपातल्या गटाने ६३० नेत्रिकांचा, १८० बाय ६० अंशांचा वक्र डोळा दाखवला. सिलिकॉन सपाट आणि ठिसूळ असते, त्यामुळे हे कारागिरीचे मोठे काम आहे. पण १८० ठिपक्यांच्या चित्राने भोसरीत कोणाचे बिल निघणार?

तुमच्या तपासणीला ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा, साधा कॅमेरा घ्या आणि त्याला जोडून एलईडीचा स्ट्रोब लावा. ५० मायक्रोसेकंदांचा लखलखाट दिलात, तर ३ मीटरच्या वेगाने जाणारा भाग तेवढ्यात फक्त ०.१५ मिलिमीटर सरकेल. ही जुनी, खात्रीची पद्धत आहे आणि तिचे सुटे सामान पुण्यात सहज मिळते.

सिलिकॉनकाका

शंकासुरांचा स्ट्रोबचा सल्ला बिनतोड आहे, मात्र त्यांनी भिंगापाशीच थांबून कीटकाला निकालात काढले. कीटकाच्या डोळ्यातली शिकण्याजोगी गोष्ट भिंगाच्या मागे आहे.

१९५६ मध्ये जर्मनीत हासेनश्टाइन आणि राइखार्ट यांनी एका भुंगेऱ्यावर केलेला प्रयोग पाहा. भुंगेऱ्याला पाठीकडून पक्के धरून ठेवले आणि त्याच्या पायांत गवताच्या काड्यांसारख्या पट्ट्यांचा हलका गोल दिला. तो चालू लागला, की तो स्वतः जागीच राही आणि पायाखालचा गोल फिरे. प्रत्येक दुफाट्यावर त्याला डावी किंवा उजवी पट्टी निवडावी लागे. भोवती पट्ट्यापट्ट्यांचे पिंप फिरवले, की निवड त्या दिशेला झुके. या झुकण्याच्या मोजणीवरून त्यांनी गती ओळखणारे एक साधे मंडल मांडले: शेजारच्या दोन प्रकाशग्राहींपैकी एकाचा संकेत किंचित उशिराने पुढे द्यायचा, तो दुसऱ्याच्या ताज्या संकेताशी गुणायचा, आणि आरशातल्यासारख्या उलट जोडणीचा गुणाकार त्यातून वजा करायचा. उत्तराचे चिन्ह दिशा सांगते. कोणतीही वस्तू ओळखावी लागत नाही, कोणतेही चित्र साठवावे लागत नाही. आज फळमाशीच्या मेंदूत टी-४ आणि टी-५ या नावांच्या पेशी हे काम करताना थेट पाहता येतात.

आता चिपकडे येतो. ‘न्यूरोमॉर्फिक’, म्हणजे मज्जासंस्थेच्या धर्तीवर घडवलेले, हा शब्द कार्व्हर मीड यांनी १९९०च्या सुमारास रूढ केला आणि त्यांच्यासोबत मिशा महोवाल्ड यांनी सिलिकॉनचा दृष्टिपटल घडवला. त्या परंपरेतून झुरिकच्या लिष्टश्टाइनर आणि डेलब्रुक यांनी पॉश यांच्यासह केलेला १२८ बाय १२८ पिक्सेलचा संवेदक २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःपुरता जागा असतो. त्याच्यावर पडणाऱ्या उजेडाचा लॉगरिदम तो मागच्या नोंदलेल्या पातळीशी ताडून पाहतो आणि फरक ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला, तरच आपला पत्ता, वेळ आणि ‘उजळले’ की ‘मंदावले’ एवढी नोंद धाडतो. साधा कॅमेरा म्हणजे वर्गात दर मिनिटाला सगळ्यांची हजेरी घेणारे मास्तर. इथे जो आत आला किंवा बाहेर गेला तोच नाव सांगतो. या संवेदकाचा प्रतिसाद १५ मायक्रोसेकंदांत येत होता, प्रकाशाचा आवाका १२० डेसिबल होता (साध्या कॅमेऱ्याचा ६०च्या आसपास असतो), आणि वीज २३ मिलिवॅट लागत होती.

हे मंडल मूळचे पृष्ठवंशीयांच्या दृष्टिपटलावरून स्फुरले, कीटकावरून नव्हे, एवढे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी माशीच्या डोळ्यातही पहिल्या थरातच उजेडाची स्थिर पातळी बाजूला पडते आणि बदल पुढे जातो, म्हणून दोन्ही वाटा इथे एकत्र येतात.

भोसरीकर, तुमच्या मोजणीच्या कामाला असला संवेदक चपखल बसेल. रिकाम्या घसरणीवर तो जवळजवळ गप्प असतो, भाग गेला की नोंदींचा झुबका येतो, आणि झुबक्यांमधले अंतर मायक्रोसेकंदांत कळते. लहानसा मायक्रोकंट्रोलरही एवढे सांभाळू शकेल.

एक धोका मात्र आधीच सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला ते जाणवत नाही, पण प्रत्येक पिक्सेलला दर वेळी ‘उजळले’, ‘मंदावले’ असे सांगावेसे वाटते आणि भाग नसतानाही नोंदींचा पूर येतो. अशा जागी चाचणी घेऊन संवेदकच सदोष ठरवला गेल्याचे मी पाहिले आहे. घसरणीभोवती आडोसा करून आत डीसी पुरवठ्यावर चालणारा दिवा लावणे, हा पहिला उपाय आहे.

पॉलीहाऊसवाली

माझा संबंध तळेगाव परिसरातल्या गुलाबांच्या पॉलीहाऊसशी आहे. दोन वाफ्यांच्या मधून जाऊन पानांची पाहणी करणारा छोटा ड्रोन आम्ही करू पाहत आहोत. आत उपग्रहाचा संकेत भरवशाचा नसतो आणि लायडारचे, म्हणजे लेसरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाचे, वजन ड्रोनला पेलत नाही.

इथे मला मंड्यम श्रीनिवासन यांचे काम सर्वांत उपयोगी वाटले. बंगळूरमध्ये शिकलेले हे शास्त्रज्ञ पुढे ऑस्ट्रेलियात मधमाश्यांवर संशोधन करत राहिले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांना दोन्ही भिंतींवर पट्टे रंगवलेल्या बोगद्यातून उडायला शिकवले. माश्या बरोबर मधून जात. मग एका बाजूची भिंत माशीच्या उडण्याच्याच दिशेने सरकवली, तेव्हा माश्या त्या सरकत्या भिंतीकडे कलून उडू लागल्या. यासाठी माशीला भिंतीचे अंतर मोजावे लागत नाही. डाव्या डोळ्यात आणि उजव्या डोळ्यात दृश्य किती वेगाने मागे सरकते, ते दोन्ही वेग सारखे ठेवण्याची ती खटपट करते. भिंत सोबत सरकली की त्या बाजूचा वेग कमी भासतो, म्हणून ती तिकडे झुकते. उतरतानाही ती जमिनीच्या दृश्याचा वेग स्थिर राखते, आणि त्यामुळे उंची घटेल तसा तिचा स्वतःचा वेग आपोआप कमी होत जातो.

दोन वाफ्यांमधल्या वाटेसाठी याहून सोपा नियम मला सुचत नाही. दोन्ही बाजूंना तोंड केलेले, कमी पिक्सेलचे संवेदक आणि एक वजाबाकी एवढ्यावर पहिली चाचणी घेता येईल. एकच शंका आहे: प्लॅस्टिकच्या कोऱ्या, गुळगुळीत पडद्यासमोर कोणताही पोत दिसत नाही, तिथे वेग कशावरून मोजायचा?

सिलिकॉनकाका

कोऱ्या पडद्यावर कीटकही फसतात. खिडकीच्या काचेवर आपटणारी माशी रोज दिसते. तिथे पडद्यावर काळ्या चिकटपट्टीचे उभे पट्टे मारणे, हा प्रयोगशाळेतलाच उपाय शेतात आणावा. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवा: राइखार्टच्या मंडलाचे उत्तर निव्वळ वेगावर ठरत नाही, ते पट्ट्यांची रुंदी आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक यांनुसारही बदलते. एका बाजूला दाट पाने आणि दुसऱ्या बाजूला विरळ असतील, तर निव्वळ त्या मंडलावर विसंबलेला ड्रोन कारण नसताना एकीकडे झुकेल. म्हणून प्रत्यक्षात नोंदींच्या वेळांवरून वेग काढणाऱ्या पद्धती जास्त वापरात आहेत.

पाषाणचा विद्यार्थी

भोसरीकरांनी उल्लेखलेल्या ‘एका ट्रान्झिस्टरच्या टोळा’विषयी लिहितो, कारण माझा अभ्यास द्विमितीय, म्हणजे काही अणूंच्याच जाडीच्या, पदार्थांवर आहे.

टोळाच्या मेंदूत एक मोठी चेतापेशी असते, जी अंगावर चालून येणाऱ्या वस्तूलाच जोरदार प्रतिसाद देते आणि बाजूने जाणाऱ्या वस्तूकडे फारसे लक्ष देत नाही. वस्तूची कड जसजशी पसरते तसतशी उत्तेजना वाढते, त्याच वेळी उशिराने येणारा विरोधी संकेत तिला दाबू पाहतो. या झटापटीत प्रतिसाद टोक गाठून खाली येतो आणि ते टोक धडकेच्या आधी येते. २०२० मध्ये विदर्भात आलेल्या टोळधाडीच्या चित्रफिती पाहिल्यास, एवढ्या दाटीत उडणारे टोळ एकमेकांवर का आदळत नाहीत, असा प्रश्न पडतोच.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पातळ थराचा प्रकाशसंवेदक आणि त्याखाली पुसता-लिहिता येणारी स्मृती अशी जोडणी केली. उजेड वाढला की विद्युत्प्रवाह वाढतो. स्मृतीवरचे स्पंद त्याला खाली ओढतात. जवळ येणाऱ्या वस्तूसाठी या दोहोंची बेरीज टोळाच्या पेशीसारखीच आधी चढते आणि मग उतरते. ऊर्जा काही नॅनोज्यूल लागते. कल्पना देखणी आहे, यात वाद नाही. पण ते एक उपकरण आहे. त्यापासून लाखभर एकसारखी उपकरणे एका पत्र्यावर उमटवणे, आणि ती उन्हाळ्यात व पावसाळ्यात सारखीच वागणे, हा पुढचा सगळा डोंगर अजून चढायचा आहे. व्हिएन्नात टंगस्टन डायसेलेनाइडचा प्रतिमा-संवेदकच न्यूरल नेटवर्क म्हणून वापरला, तोही २०२०चाच. त्याचा वेग सेकंदाला दोन कोटी प्रतिमांचा होता, पण प्रतिमा ३ बाय ३ पिक्सेलची होती. असल्या बातम्या वाचताना मी आधी पिक्सेलची संख्या शोधतो.

याच क्षेत्रातला मला अधिक मोलाचा वाटणारा धागा वेगळा आहे. ‘न्यूरोमॉर्फिक’ म्हटले, की सगळे स्पंदांच्या, म्हणजे स्पाइकच्या, मागे लागतात. प्रत्यक्षात माशीच्या प्रकाशग्राही पेशी आणि त्यांच्या लगेच पुढच्या थरातल्या पेशी स्पंद देतच नाहीत. त्यांचा विद्युद्दाब उजेडाबरोबर सलग चढतो-उतरतो, आणि सलग संकेतात थोड्या वेळात जास्त माहिती जाते. हाँगकाँग पॉलिटेक्निकमध्ये यांग छाय यांच्या गटाने २०२३ मध्ये याच तत्त्वाचे फोटोट्रान्झिस्टर केले, ज्यांत ताज्या भूतकाळाची पुसटशी खूण पिक्सेलमध्येच उरते, आणि म्हणून एका फ्रेमवरूनही वस्तू कोणत्या दिशेने आली ते वाचता येते.

शंकासुर

विद्यार्थ्याने स्वतःच्याच क्षेत्राविषयी एवढे स्पष्ट लिहिले, याचे कौतुक वाटते. पण एक सांगा: बदलच टिपणाऱ्या संवेदकासमोर वस्तू थांबली, तर ती दिसेनाशी होते ना? भोसरीकरांच्या घसरणीवर भाग अडकला तर?

पाषाणचा विद्यार्थी

होते. माशीपुढेही तोच प्रश्न आहे आणि तिचे उत्तर मजेशीर आहे. तिचे डोळे डोक्याला घट्ट जखडलेले असल्याने ते फिरवता येत नाहीत, असे बहुतेक जण गृहीत धरत. पण बाहेरची भिंगे स्थिर ठेवून आतला दृष्टिपटल हलवणारे बारीक स्नायू तिला असतात, आणि २०२२ मध्ये फळमाशी त्यांचा वापर करून हलते दृश्य डोळ्यांनी पाठलागते, हे दाखवले गेले. मार्सेयमध्ये निकोलास फ्रान्चेस्किनी यांच्या गटाने त्याआधीच हे हेरून, मुद्दाम कंप पावणारे संवेदक करून पाहिले होते. कंपामुळे स्थिर कडही पुन्हा दिसू लागते.

घसरणीसाठी मात्र एवढा खटाटोप नको. भाग अडकला, की पुढच्या भागांच्या नोंदी थांबतात; ठरावीक वेळ शांतता राहिली तर यंत्र थांबवायचे.

टेकडीवरचा चतुर

अंधाराचा विषय निघालेला नाही म्हणून भर घालतो, कारण त्यातला एक पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जिस, एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर यांनी सुतारमाश्यांचा, म्हणजे लाकूड पोखरून राहणाऱ्या मोठ्या भुंग्यांचा अभ्यास केला. त्यांतली झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते, आणि ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखून घर शोधते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा डोळा दिवसा उडणाऱ्या माश्यांच्याच प्रकारचा आहे. म्हणजे तो अंधारासाठी मुळात सोयीचा नाही. भिंगे मोठी आहेत, कपाळावरचे तीन साधे डोळेही मोठे आहेत, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. निशाचर कीटकांमध्ये शेजारच्या नेत्रिकांचे संकेत एकत्र करणे आणि उजेड जास्त वेळ गोळा करणे, हे काम मज्जासंस्था करते, असे मानले जाते. वॉरंट यांनी याच तत्त्वावर अंधारातल्या चित्रफिती स्वच्छ करणारी रीत टोयोटासोबत विकसित केली.

त्यात गंमत अशी, की असे करताना तपशील आणि चपळाई दोन्ही मुद्दाम सोडून द्यावी लागतात.

सिलिकॉनकाका

आणि बदल टिपणाऱ्या संवेदकाची खोड बरोबर उलटी आहे: उजेड कमी झाला, की त्याच्या पिक्सेलचा प्रतिसादही मंदावतो आणि निष्कारण नोंदी वाढतात. १५ मायक्रोसेकंदांचा आकडा भरपूर उजेडातला आहे, हे खरेदीच्या वेळी विसरू नये.

भोसरीकर

सर्वांचे मनापासून आभार. इथल्या चर्चेवरून मी कामाची विभागणी केली आहे. वाकलेले आणि भोक नसलेले भाग ओळखायला ग्लोबल शटर आणि स्ट्रोब राहील. मोजणी आणि अडकण्याची सूचना बदल टिपणाऱ्या लहान संवेदकाकडे जाईल, आणि त्यासाठी आडोशात डीसी दिव्याची सोय करतो. अर्धगोल भिंगे आणि द्विमितीय पदार्थ यांचा विचार सध्या बाजूला ठेवतो.

एक प्रश्न उरतो. स्ट्रोब आणि हा संवेदक एकाच घसरणीवर लावायचे, तर स्ट्रोबच्या प्रत्येक लखलखाटाला संवेदक पेटून उठेल. दोघांना कसे नांदवायचे?

सिलिकॉनकाका

सोपे आहे. मोजणीचा संवेदक वरच्या बाजूला ठेवा आणि स्ट्रोबचा कप्पा खाली, मध्ये काळा पडदा. संवेदकाने भाग हेरला, की त्याच्याच इशाऱ्यावर ठरावीक विलंबाने स्ट्रोब उडवा. ३ मीटरच्या वेगाने ३० सेंटिमीटर खाली यायला भागाला १०० मिलिसेकंद लागतात, तेवढा अवधी पुरतो. तरी काही उजेड वर झिरपलाच, तर स्ट्रोबच्या क्षणी आलेल्या नोंदी टाकून द्या. तो क्षण तुमच्याच मंडलाने ठरवलेला असल्याने तो शोधावा लागणार नाही.